ट्रॅव्हल ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच कशी निवडायची?

अमेरिकेत पिकअप किंवा एसयूव्हीमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून फिरायला जाणारे खूप आहेत. पण जड ट्रेलर जोडला की गाडी मागून दबते आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. मग स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेकही नीट लागत नाही. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे स्प्रिंग बार यातला काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात.

निवडताना काय पाहायचं?

टंग वेट: ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचवर पडणारा भार. तो साधारणपणे भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. २,७०० किलोच्या ट्रेलरसाठी २७० ते ४०५ किलो. रिकाम्या ट्रेलरचा आकडा धरू नका. गाडीच्या डिकीतलं सामानही हिशेबात घ्या.

बारची क्षमता: कमी पडली तर गाडी दबलेलीच राहते. फार जास्त असली तर धक्के बसतात.

डुलणं: वाऱ्यामुळे किंवा ट्रकच्या झोतामुळे ट्रेलर डुलू शकतो. ते रोखणारी सोय प्रत्येक हिचमध्ये नसते, विचारून घ्या.

गाडीचं मॅन्युअल: काही गाड्यांना ही हिच चालत नाही. आधी वाचा.

आणि एक लक्षात ठेवा. हिच भार वाटून देते, गाडीची ओढण्याची क्षमता वाढवत नाही. कंपनीने दिलेली मर्यादा तीच राहते.