मूळ फुटविणारें द्रव्य

गुलाबाच्या दोन फांद्या कापून कुंडींत खोंचल्या, तर एकीस मुळें फुटतात आणि दुसरी सुकून जाते. असें कां व्हावें, याचें उत्तर शास्त्राला मिळालें तें मोठ्या आडवाटेनें.

युरोपांतील जुने माळी फांदीचें खालचें टोंक चिरून त्यांत धान्याचा दाणा बसवीत, असें सांगतात. दाणा रुजला कीं फांदीही रुजते, एवढेंच त्यांस ठाऊक. पुढें १८८० च्या सुमारास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियस साक्स यांनीं असें प्रतिपादिलें कीं, पानांत तयार होणारें एखादें द्रव्य खालीं उतरून मुळें उत्पन्न करीत असावें. तें द्रव्य मात्र त्यांच्या हातीं लागलें नाहीं.

हॉलंडांतील उट्रेख्ट येथें फ्रिट्स वेंट या तरुणानें १९२६ सालीं ओटच्या कोंबांचे शेंडे कापून अगारच्या, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या खळीच्या, वडीवर ठेविले. कांहीं वेळानें शेंडे दूर करून ती वडी शेंडा नसलेल्या कोंबाच्या एका बाजूस बसविली. कोंब दुसऱ्या बाजूस वळला! शेंड्यांतील संजीवक वडींत उतरलें होतें. किती उतरलें, हें पुढें या वांकावरूनच मोजूं लागले.

त्याच विद्यापीठांतील रसायनज्ञ क्यॉग्ल यांनीं या मापानें शोध चालविला आणि असें द्रव्य त्यांस सांपडलें कोठें, तर मानवी मूत्रांत! (नाक मुरडण्याचें कारण नाहीं, शेतकऱ्यास मूत्राचें महत्त्व पूर्वींपासून ठाऊक आहे.) त्यांनीं ‘ऑक्सिन-अ’ व ‘ऑक्सिन-ब’ अशीं नांवें मोठ्या थाटानें जाहीर केलीं. १९३४ सालीं मूत्रांतच तिसरें, साधेंसें द्रव्य मिळालें. त्यास ‘हेटेरोऑक्सिन’, म्हणजे निराळें ऑक्सिन, म्हणून बाजूस बसविलें. पण पहिलीं दोन पुन्हां कोणासच सांपडलीं नाहींत. १९६६ सालीं जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हां ते भलत्याच द्रव्यांचे निघाले. उपरें मानलेलें इंडोल ॲसिटिक आम्ल हेंच वनस्पतींचें खरें ऑक्सिन ठरलें. माळ्यांच्या रुजत्या दाण्यांतून फांदीस मिळे तेंही हेंच.

याच आम्लानें मुळें फुटतात, हें १९३५ सालीं थिमन व केप्फ्ली यांनीं अमेरिकेंत दाखविलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्कनजीक यॉन्कर्स येथील बॉइस टॉम्प्सन संस्थेंत झिमरमन व विल्कॉक्सन यांना इंडोल ब्युटिरिक व नॅप्थलीन ॲसिटिक हीं आम्लें अधिक गुणकारी आढळलीं. मूळचें द्रव्य उजेडानें लवकर नासतें, हीं टिकतात. शंखजिऱ्यांत मिसळलेली यांची भुकटी आज जगभर वापरतात. महाराष्ट्रांत डाळिंबाच्या छाट कलमांसही ब्युटिरिक आम्ल देतात. मात्रा वाढली तर मात्र डोळे फुटत नाहींत, टोंक काळें पडतें. आंब्यासारखें हट्टी झाड तर याला सहसा दाद देत नाहीं. म्हणून हापूसचें कलम आजही कोयीवरच बांधितात.