धर्मग्रामाचे बिगूल

उमापुरात वरात निघाली की हलगीवाले आणि बँडवाले यांची चढाओढ जुंपतेच. परीक्षक तेवढा नसतो. अमेरिकेत अशा वादनाला परीक्षक लाभले, गुण लाभले. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेने ढोल-बिगूल पथकांच्या स्पर्धा भरविल्या. पुढे अनेक कॅथलिक धर्मग्रामांनी आपल्या गल्लीतील मुलांसाठी पथके काढली. न्यू जर्सीतील गारफिल्डच्या होली नेम धर्मग्रामाचे 'कॅडेट्स' १९३४ चे.

त्या काळचा खेळ म्हणजे निव्वळ लष्करी कवायत. सरळ रांगा, ध्वजाला मानवंदना, आणि प्रत्येक चुकीला गुण वजा! १९५८ मध्ये कॅडेट्सचे धर्मग्रामाशी नाते तुटले; दोष कोणाचा, हे आम्हा धर्मगुरूंपैकी कोणी न ठरविलेलेच बरे. १९७२ मध्ये पथकांच्या स्वतःच्या संस्थेने पहिली अजिंक्यपद स्पर्धा घेतली. १९८३ ते ८५ अशी सलग तीन वर्षे कॅडेट्स जिंकले. रांगांना वळणे आली, मैदानाचा रंगमंच झाला. १९८४ पासून चुका मोजणे थांबून कलागुण मोजले जाऊ लागले. २००४ मध्ये ध्वनिवर्धक आले, २००९ मध्ये विजेवरची वाद्ये.

वादन उंचावले, हे निर्विवाद. परंतु गल्लीतली मुले मागे राहिली; देशभरातून निवडलेले तरुण हजारो डॉलर शुल्क भरून वाजवू लागले. १९८० च्या दशकातील लैंगिक अत्याचाराचा आरोप करणारा दावा दाखल झाल्यानंतर, २०२४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी कॅडेट्स बंद पडले.