नगरच्या सुलतानाचा वैद्य आणि मुंबईचं बेट

मंडळी, तारकपूर स्टँडवरून मुंबईची एसटी धरणाऱ्या नगरकराला मुंबई कधी परकी वाटली नाही. पारनेर, संगमनेर, अकोल्याची किती माणसं तिथं कामाला गेली आणि तिथलीच झाली. पण नगर-मुंबईचं एक नातं गिरण्यांच्याही फार आधीचं आहे. ते आज सांगतो, कारण सध्या आपल्याकडं "हा मूळचा कुठला?" हे जरा जास्तच विचारलं जातंय. जत्रेत दुकान कुणी लावायचं इथपासून भाड्यानं खोली कुणाला द्यायची इथपर्यंत.

गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात उतरला. घराणं मूळचं ज्यू, सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. हा माणूस नगरला बुऱ्हाण निजामशहाकडं यायचा, त्याच्यावर उपचार करायचा. तो दरबार तरी कसा? निजामशाही घराण्याचं मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळात होतं, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. सुलतानाचा सल्लागार शाह ताहिर इराणातून आलेला. आणि औषध द्यायला हा पोर्तुगीज. हे आपलं नगर होतं!

याच ओर्ताला 1554 च्या सुमारास पोर्तुगीजांनी मुंबईचं बेट खंडानं दिलं. तेव्हा मुंबई म्हणजे सात सुटी बेटं. कोळ्यांची वस्ती, नारळाच्या वाड्या, भातखाचरं. माहीमला मखदूम अली माहिमींचा दर्गा तेव्हाही होता. आपल्या मुंबईच्या आंब्याला वर्षात दोनदा फळ येतं, हे ओर्तानं कौतुकानं लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला.

पुढचं ऐका. 1568 मध्ये ओर्ता वारला. दुसऱ्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयानं, म्हणजे इन्क्विझिशननं, त्याच्या बहिणीला जाळलं. गुन्हा काय, तर चोरून ज्यू धर्म पाळणं. 1580 मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळली. ज्याच्या हातचं औषध नगरच्या सुलतानाला चाललं, त्याची हाडंसुद्धा त्याच्याच राज्यकर्त्यांना चालली नाहीत.

आता मुंबईकडं बघा. 1661 मध्ये बेट इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मिळालं. 1668 मध्ये त्यानं ते कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिलं. गव्हर्नर ऑन्जिअरला बंदर चालवायचं होतं. त्यासाठी माणसं लागणार आणि माणसं यायला भरवसा लागणार. दीवच्या निमा पारख या व्यापाऱ्यानं 1677 मध्ये आधी आपला धर्म सुखानं पाळू देण्याची हमी घेतली. कंपनी काही साधुसंत नव्हती, सगळा हिशेब धंद्याचा होता. पण हिशेब बरोबर होता. गुजराती आले, पारशी आले, आर्मेनियन आले, कोकणातले बेने इस्रायली आले.

त्याच्या खुणा आजही पायी फिरून बघता येतात. मुंबादेवी, जवळच जामा मशीद. मशीद बंदरला सॅम्युअल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ. फोर्टात 1718 चं सेंट थॉमस चर्च, पारशांच्या अग्यारी. इमामवाड्यात इराण्यांची निळ्या फरशांची मोगल मशीद. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता 1845 मध्ये झाला, तो आवाबाई जमशेटजी जीजीभॉय या पारशी बाईंच्या पैशातून. त्यावरून जाताना कुणी कुणाला जात विचारत नाही.

मुंबई म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. 1992-93 ची दंगल आपण सगळ्यांनी बघितलीय. पण दंगलीनंतरही ते शहर उभं राहिलं, कारण तिथं एकाचं दुसऱ्यावाचून अडतं. दूध एकाचं, पाव दुसऱ्याचा, टॅक्सी तिसऱ्याची.

आपल्या नगरचंही तसंच अडतं. कापडबाजारातून एक फेरी मारा, कोण कुणाकडं उधारीवर माल घेतो ते बघा. आपल्या शहराचं नाव बदललं, त्यावर ज्याचं त्याचं मत असेल. पण इथली माणसं तीच आहेत आणि त्यांनी एकमेकांत मिसळून राहायची रीत पाचशे वर्षांची आहे. आपली पोरं मुंबईत खोली शोधतात तेव्हा आपण म्हणतो, तिथं माणूस बघतात, गाव नाही. मग इथं आलेल्या दुसऱ्याच्या पोरालाही तेवढंच मिळायला नको का?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.