पांजरपोळातला कुत्रा

जालना जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आम्ही रेबीजविषयी बोलायला गेलो होतो. प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्र्याचे पिल्लू घरी आणता येते, असे ओघात म्हटले. नववीतला एक मुलगा उठला. "सर, पांजरपोळात तर गायी असतात. अन् तिथलं कुत्रं पिसाळलेलं नसंल कशावरून?" दोन्ही शंका रास्त होत्या, आणि दोन्हींचा इतिहास एकाच ठिकाणी सुरू होतो.

मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३चा. वर्षातील ठरावीक दिवसांतच ती मारायची असत. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली. कुत्र्यामागे आठ आणे मिळत. मग मोकाट कोणते आणि पाळलेले कोणते हे कोण पाहतो? घरातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. ६ जूनला पारशांनी शिपायांना अडवले. पारशी अंत्यविधीत मृतदेह कुत्र्याला दाखवावा लागतो. या विधीला 'सगदीद' म्हणतात. जैन आणि हिंदूही सामील झाले. दुकाने बंद पडली, लष्कराची रसद अडली आणि शेवटी सैन्य बोलवावे लागले. पुढे १८३४ मध्ये जमशेदजी जीजीभाई आदी धनिकांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. म्हणजे आज गायींनी ओळखली जाणारी ही मुंबईची संस्था मुळात कुत्र्या-डुकरांचा जीव वाचवण्यासाठी निघाली!

पण सरकारची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. १८३२ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या माणसासाठी कोणाकडेच काही नव्हते. पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचली ती ६ जुलै १८८५ रोजी. पुढे कुत्र्यांसाठीही लस आली आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलले. वस्तीतील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिलेली असेल तर रोगाची साखळी तुटते. अशी कुत्री मारली तर हे प्रमाण उलट घसरते. त्यांच्या जागी लस न दिलेली नवी येतात. तरीही मुंबईत कुत्री मारणे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चालूच होते. निर्बीजीकरण, लसीकरण आणि मूळ जागी सोडणे हा मार्ग २००१ च्या केंद्रीय नियमांनी घालून दिला. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले.

आता त्या मुलाची दुसरी शंका. लस दिली म्हणजे कुत्र्याला आधीच संसर्ग झालेला नाही, असे सिद्ध होत नाही. चाव्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, कधी अधिकही. म्हणून निवाऱ्यात विचारायचे ते असे: पिल्लू कोठून आले, अंगावर चाव्याची जखम होती का, किती दिवसांपासून येथे आहे, लस कधी दिली? पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात, पुढची मात्रा पशुवैद्य सांगतील तेव्हा. घरी आणल्यावर ते चावले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. तेवढ्या दिवसांत ते धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता.

मुलाने हे सारे वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "अन् आई नाही म्हणाली तर?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.