विमानातून टाकण्याचे सागरी संवेदक

समुद्राच्या निरनिराळ्या खोलींवरील तापमान व क्षारता मोजण्यासाठी विमानातून टाकण्यात येणारे, एकदाच वापरायचे उपकरण. सुमारे 90 सेंमी. लांबीचे नळकांडे हवाई छत्रीने पाण्यावर उतरते. त्याचा एक भाग तरंगत राहतो. त्यातून सुटलेला संवेदक बारीक तार उलगडत सुमारे 1,000 मी.पर्यंत बुडतो. त्याच्या नोंदी तारेतून वर येतात आणि तेथून रेडिओद्वारे विमानाला मिळतात. बुडण्याचा वेग आधीच ठाऊक असल्याने लागलेल्या वेळेवरून खोली काढतात.

या उपकरणाचे खरे महत्त्व तापमानाची खोलीशी सांगड घालण्यात आहे. ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगत वरच्या सुमारे 200 मी. थरात थंड, कमी खारे पाणी असते. अटलांटिकचे उबदार पाणी जास्त खारे, म्हणून जड असल्याने त्याखाली राहते. उपग्रहाला केवळ पृष्ठभागाचे तापमान कळते. हिमनदीचे तोंड मात्र खालून झिजते. फियॉर्ड (हिमनदीसमोरची अरुंद खाडी) उथळ असेल किंवा त्याच्या तळाचा उंबरठा उंच असेल, तर उबदार पाणी बाहेरच अडते. नासाच्या ‘ओशन्स मेल्टिंग ग्रीनलंड’ मोहिमेने (2015–21) म्हणूनच विमानातून दरवर्षी सुमारे 250 संवेदक टाकले आणि तळाची खोली जहाजावरील सोनार व हवाई गुरुत्वमापनाने मोजली. या नोंदी वापरून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 226 हिमनद्या तपासल्या गेल्या. 1992–2017 मधील बर्फाच्या एकूण घटीपैकी जवळजवळ निम्मी घट खोल फियॉर्डमधील 74 हिमनद्यांची होती. याकोबशाव्हन हिमनदीकडे जाणारे खोल पाणी 2016 मध्ये थंडावले, तेव्हा तिचा वेग मंदावला आणि तोंडाशी बर्फाची जाडी वाढली.

जहाजावरून दाब मोजत सोडलेले उपकरण अधिक अचूक असते, हा आक्षेप रास्त आहे. पण दोन थरांच्या तापमानात काही अंशांचा फरक असतो. तो ओळखायला अंशाच्या शतांशाची अचूकता लागत नाही. शिवाय हिमखंडांनी भरलेल्या फियॉर्डमध्ये जहाज शिरणेच अवघड असते, तर विमान काही आठवड्यांत सारा किनारा पालथा घालते. वर्षातून एकदा घेतलेली नोंद ऋतुमानातील चढउतार दाखवत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यासाठी समुद्रात नांगरून ठेवलेली, वर्षभर नोंद घेणारी उपकरणे लागतात. मात्र ती मोजक्याच ठिकाणी बसवता येतात. शेकडो हिमनद्यांपैकी कोणती धोक्यात आहे, हे ठरवायला विस्तृत पाहणीच हवी. वापरलेला संवेदक समुद्रतळाशीच राहतो, ही या पद्धतीची किंमत होय. त्यामुळे जेथे जहाज सहज पोहोचते तेथे तिचा वापर समर्थनीय ठरत नाही.