सूक्ष्मदर्शकाखाली ऊती स्थिर, पण जिवंत कशा ठेवतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारात येणारा कोणताही कांदा घ्या. त्याच्या आतल्या पाकळीचा पातळ पापुद्रा पाण्याच्या थेंबात ठेवून 400 पट मोठा करून पाहिला, तर पेशींमधले बारीक कण वाहताना दिसतात. शाळेतल्या प्रयोगाप्रमाणे त्यावर आयोडीन टाकलं की केंद्रक ठळक दिसतं, पण पेशी मरते आणि कण थांबतात. जिवंत ऊतींचं चित्रण करणाऱ्या संशोधकांसमोरचा पेच हाच आहे.

जिवंतच का हवी?

रुग्णालयात तपासणीसाठी काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकतात. तो स्थिर राहतो, पण त्यातून एकाच क्षणाचं चित्र मिळतं. पेशी कशी विभागते, जखम कशी भरते, हे पाहायचं तर ऊती जिवंतच लागते. मात्र मोठ्या क्षमतेच्या भिंगाखाली नमुना काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, सरकला तरी चित्र पुसट होतं.

कशी धरून ठेवतात?

एक सोपा उपाय म्हणजे कमी तापमानाला वितळणारं अ‍ॅगारोज. हे समुद्री शेवाळापासून मिळतं. एकदा वितळवलं की ते शरीराच्या तापमानालाही पातळच राहतं, त्यामुळे ऊती भाजत नाही. आणखी थंड झालं की जेलीसारखं घट्ट होऊन नमुना धरून ठेवतं.

गुंगीचं औषध हा दुसरा मार्ग, पण त्यात धोका आहे. संध्या कौशिका आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘ट्रॅफिक’ या नियतकालिकात तो दाखवून दिला. सी. एलिगन्स या सुमारे 1 मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीच्या चेतापेशींमध्ये काही घटकांची वाहतूक गुंगीच्या औषधामुळेच बदलत होती. कौशिका सध्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत. त्यांच्या गटाने औषधाऐवजी मऊ सिलिकॉनचं छोटं उपकरण वापरलं. वायूच्या दाबाने त्यातला पातळ पडदा फुगतो आणि कृमीला काचेवर हलकेच दाबून धरतो.

निरोगी कशी ठेवतात?

ऊती सुकू नये म्हणून ती योग्य क्षार आणि पोषक घटक असलेल्या द्रवात ठेवतात. साधं पाणी कांद्याला चालतं, कारण त्याच्या पेशींना भक्कम भिंत असते. माणसाच्या पेशी त्यात फुगून फुटतात. त्यांना साधारण 37 अंश सेल्सिअस तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा लागते.

प्रकाशही अपायकारक ठरतो. तीव्र प्रकाशात पेशींमध्ये घातक रेणू तयार होतात. म्हणून प्रकाश मंद ठेवतात, ठरावीक अंतरानेच चित्रं घेतात किंवा फक्त हवा तेवढाच थर उजळवतात.

खात्री कशी करतात?

तशाच दुसऱ्या नमुन्याला त्याच द्रवात, त्याच तापमानाला, पण प्रकाशाविना ठेवतात. दोन्हींतल्या पेशी सारख्याच वेगाने विभागल्या, तर चित्रणाने इजा केलेली नाही असं मानता येतं. ही तुलना केली नाही, तर सूक्ष्मदर्शकाने केलेली इजा रोगाचं लक्षण किंवा औषधाचा परिणाम समजली जाऊ शकते.