नळदुरुस्ती, घरगुती

घरातील पाणीपुरवठ्याच्या व सांडपाण्याच्या नळांत उद्‌भवणारे नेहमीचे दोष, म्हणजे तोटीची गळती, सांध्यातून पाझरणारे पाणी, टाकी भरून वाहणे व मोरी तुंबणे, हे घरातील माणसाने स्वतः दूर करणे यास घरगुती नळदुरुस्ती म्हणतात. हे काम क्षुल्लक मानले जात असले, तरी ते घरमालकाच्या आवाक्यात येण्यास एकोणिसाव्या शतकातील काही शोध कारणीभूत झाले आहेत. त्याचा सार्वजनिक आरोग्याशी निकटचा संबंध आहे.

दुरुस्ती कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र बराच जुना आहे. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हिअस याने मातीच्या नळांची शिफारस करताना दोन कारणे दिली आहेत. शिशामुळे पाणी आरोग्यास अपायकारक होते, हे एक. आणि मातीचा नळ बिघडल्यास तो कोणासही दुरुस्त करता येतो, हे दुसरे. सांध्यांसाठी तो तेलात मळलेला कळीचा चुना सुचवितो. नव्या नळांत प्रथम पाणी सोडण्यापूर्वी राख सोडावी, म्हणजे राहून गेलेल्या बारीक फटी ती बुजविते, असेही तो सांगतो. रोमने हा सल्ला फारसा मानला नाही. शहरातील वाटपासाठी शिशाचेच नळ वापरात राहिले आणि शिसे ओतून सांधणारा कारागीर हा स्वतंत्र व्यावसायिक बनला. नळकारागिरास इंग्रजीत असलेला ‘प्लंबर’ हा शब्द शिशाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन नावावरून आला आहे. शिशाचा सांधा झाळण्याचे कौशल्य घरच्या माणसाकडे नसे, त्यामुळे पुढील कित्येक शतके यूरोपात नळाचे काम म्हणजे कारागिराचे काम असेच समीकरण राहिले.

दख्खनमध्ये खापरी नळांची परंपरा होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी (नंतरचे औरंगाबाद, सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे केलेली नहर प्रसिद्ध आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून आणलेले पाणी शहरातील हौदांत खेळविण्यात आले. वाटेत तपासणीसाठी व साफसफाईसाठी उच्छ्वास बांधलेले होते. या व्यवस्थांत पाणी हौदापर्यंत येई व तेथून घागरीने घरी जाई. सर्वसामान्य घरात तोटी नसल्यामुळे तिच्या दुरुस्तीचा प्रश्नही नव्हता.

तोटी : घरोघरच्या तोटीचा प्रश्न सतत व उच्च दाबाच्या पाणीपुरवठ्याबरोबर निर्माण झाला. टॉमस हॉक्स्ली या अभियंत्याने १८३१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे अशी योजना कार्यान्वित केली. त्यापूर्वी लंडनसारख्या शहरांतही पाणी ठराविक वेळीच येत असे. त्या काळची तोटी म्हणजे आरपार भोक असलेली शंकूच्या आकाराची पितळी खुंटी. ती पाव फेरा फिरविली की भोक नळाच्या रेषेत येऊन पाणी सुरू होई. धातूवर धातू घासून खुंटी झिजली की ती गळू लागे व ती पुन्हा घासून बसविण्यासाठी कारागिराची गरज लागे. शिवाय उच्च दाबाखाली अशी तोटी एकदम बंद केल्यास नळात पाण्याचा आघात होऊन सांधे फुटत.

यावरील उपाय रॉदरम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ मध्ये एकस्व घेतलेल्या मळसूत्री तोटीने केला. हिच्यात मळसूत्री दांडा फिरविला की त्याच्या टोकाशी असलेली झडप हळूहळू खाली येऊन बैठकीवर दाबली जाते. झडपेच्या तळाशी चामड्याची चकती असते. झीज होते ती या चकतीची, तोटीची नव्हे. आणि चकतीची किंमत तोटीच्या मानाने नगण्य असते. पुढे गंधकप्रक्रिया केलेल्या रबराची (अमेरिकेत गुडइअर व इंग्लंडमध्ये हॅन्कॉक यांची एकस्वे, १८४४) चकती प्रचारात आली. मराठीत हिलाच ‘वॉशर’ किंवा बोलीत ‘वायसर’ म्हणतात. घरगुती नळदुरुस्तीचा खरा आरंभ या चकतीपासून मानावयास हवा, कारण झिजणारा भाग वेगळा, स्वस्त व सहज बदलता येण्याजोगा झाला.

चकती बदलण्याची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. प्रथम घरात येणाऱ्या नळावरील चावी बंद करून तोटी उघडी ठेवतात, म्हणजे नळात उरलेले पाणी निघून जाते. नंतर पान्याने तोटीचे डोके उलट फिरवून सोडवितात, झडप काढून जुनी चकती टाकून देतात आणि त्याच मापाची नवी चकती बसवितात. चकती बदलूनही गळती राहिल्यास बैठकीवर खाच पडली आहे असे समजावे. ती घासून सपाट करावी लागते. पाणी तोंडातून न गळता दांड्याच्या बाजूने वर येत असेल, तर दोष चकतीचा नसून दांड्याभोवतीच्या भरणाचा असतो. तेथे चरबी लावलेला धागा गुंडाळून वरची टोपी आवळली की काम भागते. गळणारी तोटी अधिकाधिक जोराने आवळण्याची सार्वत्रिक सवय मात्र घातक आहे. तिने चकती फाटते, बैठक बिघडते आणि पाच मिनिटांच्या कामाचे रूपांतर नवी तोटी विकत घेण्यात होते. महाराष्ट्रात सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून वेळ मारून नेतात. तत्त्वतः तो उपाय बरोबर आहे, पण पातळ रबर लवकर दबते.

गळतीचे मोल प्रथम मोजमापाने दाखवून दिले ते लिव्हरपूलचे अभियंते जॉर्ज डीकन यांनी. त्यांनी १८७३ मध्ये बनविलेला मापक एखाद्या भागाला जाणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाची सतत नोंद करी. रात्री सर्व झोपलेले असताना जो प्रवाह चालू राही, तो बहुतांशी गळतीचाच असे. सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या तोटीचे उदाहरण घेता येईल. थेंबाचे आकारमान पाव मिलिलिटर धरल्यास दिवसाला सु. २१·६ लिटर व वर्षाला सु. ७,९०० लिटर पाणी वाया जाते.

सांधे व हत्यारे : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी धूरवायूच्या दिव्यांसाठी बंदुकांच्या जुन्या नळ्या एकमेकींस जोडून वापरीत. कॉर्नेलियस व्हाइटहाउस यांनी १८२५ मध्ये लोखंडी नळ बनविण्याच्या कृतीचे एकस्व घेतले, जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मळसूत्रांचे प्रमाणीकरण सुचविले आणि जस्तलेपनाची पद्धत १८३७ पासून उपलब्ध झाली. या तिहींतून आटे पाडलेला जस्तलेपित लोखंडी नळ सिद्ध झाला. शिशाचा सांधा झाळावा लागे. हा सांधा फिरवून आवळता येऊ लागला. १८७० च्या सुमारास अमेरिकेत डॅनियल स्टिलसन यांनी गोल नळावर पक्की पकड घेणारा पाना तयार केला. आट्यांवर सुतळीचा धागा व सफेता लावण्याची रीत दीर्घकाळ टिकली. तिची जागा पुढे टेफ्लॉनच्या पातळ फितीने घेतली. ही फीत आट्यांच्या दिशेने, म्हणजे सांधा आवळताना उलगडणार नाही अशा रीतीने, गुंडाळावी लागते.

सापळा : सांडपाण्याच्या नळांचा इतिहास यापेक्षा अधिक गंभीर आहे, कारण येथील दोष डोळ्यांना दिसत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाचे एकस्व घेतले. त्यात नळाला दिलेल्या बाकात थोडे पाणी कायम साचून राही व गटारातील दूषित वायू घरात येत नसे. हा जलसापळा आजही प्रत्येक मोरीखाली असतो. भारतीय अभियांत्रिकीत न्हाणीघराच्या जमिनीतील सापळ्यास ‘नहाणी ट्रॅप’ हे नाव रूढ आहे. पाश्चात्त्य तंत्रातील एका वस्तूला देशी न्हाणीने दिलेले हे नाव इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही तसेच छापले जाते, ही गंमतीची गोष्ट होय.

१८७१ मध्ये इंग्लंडच्या युवराजास विषमज्वर झाला व त्याचा ठपका सदोष गटारांवर ठेवण्यात आला. श्रीमंतांच्या घरांतील नळकामही निर्दोष नसते, हे त्यामुळे सर्वांस कळले. लीड्स येथील शल्यचिकित्सक टॉमस प्रिजिन टील यांनी १८७८ मध्ये घरातील नळकामाचे दोष चित्रांतून दाखविणारे एक पुस्तक लिहिले. ते कारागिरासाठी नव्हे, तर घरात राहणाऱ्यांसाठी होते. वैद्याने लोकांच्या हाती दिलेले नळकामाचे पुस्तक म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. त्या काळची पुदिन्याच्या तेलाची चाचणीही घरच्या घरी होण्यासारखी होती. एकाने गच्चीवरील नळात तेल व गरम पाणी ओतावयाचे आणि दुसऱ्याने खोल्याखोल्यांतून वास घेत फिरावयाचे. जेथे वास येईल तेथे सांधा फुटलेला समजावयाचा. तेल ओतणाऱ्याने मात्र चाचणी संपेपर्यंत घरात यावयाचे नसे, कारण वास त्याच्या अंगाबरोबर आत येई. याच सुमारास, १८८६ मध्ये, लंडनच्या नळकारागीर संघाने कारागिरांची नोंदणी सुरू केली. कोणते काम घरमालकाचे व कोणते जाणकाराचे, ही सीमारेषा तेव्हापासून अधिक स्पष्ट होत गेली.

मोरी तुंबल्यास बहुधा सापळ्यातच केस, साबणाचा साका व भाताची शिते अडकलेली असतात. रबरी वाटीचा दट्ट्या वापरताना वाटी बुडेल इतके पाणी मोरीत असावे, कारण दाब पोहोचविण्याचे काम पाणी करते. हवा नुसतीच दबते. तीव्र दाहक रसायने ओतल्यानंतर दट्ट्या वापरू नये.

महाराष्ट्रातील परिस्थिती : मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे, १८७९ मध्ये तुळशीचे व १८९२ मध्ये तानसाचे पाणी नळाने मिळू लागले. चाळींत मजल्याच्या टोकाशी सामाईक नळ असत. सर्वांचा नळ कोणाचाच नसल्यामुळे त्याची गळती अधिक काळ टिके. ठराविक वेळी येणारे पाणी हे राज्यातील अनेक शहरांचे वैशिष्ट्य असल्याने घरोघरी टाकी व तरंगकाची झडप आली. टाकी भरून वाहत असल्यास पोकळ तरंगकास छिद्र पडून त्यात पाणी शिरले आहे काय, हे प्रथम पाहावे.

अधूनमधून येणाऱ्या पाण्यात गळतीचा आणखी एक धोका असतो. नळातील दाब नाहीसा झाला की ज्या फटीतून पाणी बाहेर पडत होते, त्याच फटीतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. गळक्या नळाला चिंधी बांधून ठेवण्याची पद्धत यामुळे निरुपयोगी ठरते. चिंधी घाण पाणी शोषून घेऊन उलट अपायच करते. रस्त्यातील मुख्य नळास जोड देणे वा त्यात फेरफार करणे हे परवानाधारक कारागिराचे काम असून घरमालकाने त्यास हात लावू नये.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकचे नळ व हाताने आवळावयाचे सापळे आल्याने घरगुती दुरुस्ती सोपी झाली. उलट, चिनी मातीच्या चकत्यांवर चालणाऱ्या नव्या तोट्यांत पूर्वीचा वॉशर नसतो. त्यांचा आतील भाग बिघडल्यास तो संपूर्ण बदलावा लागतो व उत्पादकाप्रमाणे त्याचे माप वेगळे असते.

सापळा कोरडा पडणे हा सर्वांत दुर्लक्षित दोष होय. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची तीनशेहून अधिक रहिवाशांस लागण झाली. चौकशीत असे आढळले की, न्हाणीघरांची जमीन धुण्याऐवजी पुसली जात असल्याने अनेक ठिकाणी जमिनीतील सापळ्यांतील पाणी आटले होते. न्हाणीघरातील पंखे सुरू झाले की कोरड्या सापळ्यातून सांडपाण्याच्या नळातील दूषित तुषार घरांत ओढले जात. त्यानंतर तेथील आरोग्य खात्याने रहिवाशांस प्रत्येक सापळ्यात आठवड्यातून एकदा सु. अर्धा लिटर पाणी ओतण्याची सूचना दिली.